नॉर्मनसाठी, बिलाच्या पाठीवर

नॉर्मन,
तू मला तुझं गाव लिहून दिलं होतंस
तळलेल्या माशांच्या बिलाच्या पाठीवर:
लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं,
समुद्रपक्ष्यांना चिप्स दाखवायचेसुद्धा नाहीत,
देवमासे बघायचे तर दीपगृहामागे, भल्या सकाळी.
सात ओळी. एकही वाया गेली नाही.
आता तू येतोयस, तर हे माझं घे.
बिलच आहे, मिसळीचं.
डाग तर्रीचा आहे, घाबरू नकोस.

पहिलं म्हणजे, नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे.
स्टेशनवर उतरून "आलो" म्हणालास की फसलास.
शालिमारपर्यंत शेअर रिक्षा मिळते.
मागे तिघं, आणि चौथा पुढे
ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून.
तो चौथा तू होऊ नकोस,
तुझ्या पायांचा विचार रिक्षा बनवणाऱ्याने केलेला नाही.
सुटे ठेव. छत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
रिक्षेत माझ्याकडे सुटे कधीच निघाले नाहीत.

नकाशात गोदावरी आहे, बोलताना गंगा.
बुधवारच्या बाजारात मेथी आणायला निघालो
तरी आम्ही "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो.
दुरुस्त करू नकोस. कुणी ऐकणार नाही.

समुद्र विचारशील. नाही.
तुमच्याकडे भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून मिळतं,
आमच्याकडे दुतोंड्या मारुती आहे, पात्रातच उभा.
पाणी त्याच्या गुडघ्याला, तर शाळा चालू.
कमरेला, तर सराफ बाजार माल वर चढवायला लागतो.
छातीला, की अख्खं गाव पूर बघायला पुलावर,
कणसंवाल्यासकट.
गळ्याला लागलं तर मला फोन कर आणि खोलीतच बस.

पांडवलेणी पांडवांची नाहीत.
पायऱ्या मोजू नकोस, मी मोजल्यात,
दर वेळी वेगळ्या भरल्या,
आणि माझा तर धंदाच मोजण्याचा.

तांबट आळीत दहाच्या सुमारास जा.
यशवंत तांबट हंडा ठोकत असेल.
फोटो काढायच्या आधी विचार.
नाही म्हणाला तर चहा तरी देईल.

निफाडकडे द्राक्षं घडाघडाने खुणावतील,
तोडून तोंडात टाकू नकोस, औषध मारलेलं असतं.
आणि मिसळीची तर्री वेगळी मागव.
शूरपणा उद्या कर.

रामकुंडावर मी बरोबर येईन.
तिथे कॅमेरा पिशवीत राहू दे.
नुकतं मुंडण केलेली माणसं बसलेली असतात,
टाळूला ऊन लागत असतं त्यांच्या,
आणि त्यांना ते कळत नसतं.

प्रमिला आठवते ना?
तुझ्या किनाऱ्यावर निऱ्या वर धरून
घोट्याइतक्या पाण्यात गेली होती,
बोट बुडवून जिभेला लावलं, आणि म्हणाली, "खारटच की!"
जणू इतकी वर्षं सगळ्यांनी थाप मारली असेल अशी शंका होती.
तू हसत वाळूत बसलास.
मॉरीनने तुला हात देऊन उठवलं.

तिला मी इथेच सोडलं. गेल्या माघात.
तू मॉरीनला दीपगृहामागे.
ही नदी इथून पूर्वेला जाते,
सगळा देश चालून समुद्राला मिळते म्हणतात.
त्याच्या पुढचं तू सांग, समुद्र तुला जास्त कळतो.

पायऱ्यांना शेवाळ आहे, चप्पल काढून हातात घे.
झेंडे नाहीत इथे.
मी पाण्यात उभा असेन,
माझ्या अलीकडेच राहा.

ता. क. स्वेटर आण.
भारत गरम असतो असं तुला सगळे सांगतील,
त्यांनी डिसेंबरातली आमची पहाट पाहिलेली नाही.